शिवेवरचे तांबे : स्कार्न-खनिजशोधाच्या अभ्यासाला प्रस्तावना

भूविज्ञानाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला सर्वांत आधी कुठे न्यावे, असे कोणी विचारले तर मी त्याला दोन खडकांच्या शिवेवर नेईन. एका बाजूला चुनखडी असते. दुसऱ्या बाजूला जमिनीखाली खोलवर सावकाश थिजलेला, ग्रॅनाइटच्या कुळातला खडक असतो. दोघांच्या मध्ये तपकिरी गार्नेट आणि हिरव्या पायरॉक्झीनने भरलेला एक पट्टा असतो. कुठे हातभर रुंद, कुठे शेकडो मीटर. त्याला चुनखडीही म्हणता येत नाही आणि ग्रॅनाइटही म्हणता येत नाही. या पट्ट्याच्या खडकाला स्कार्न म्हणतात. तांबे, टंगस्टन, जस्त, लोखंड, मॉलिब्डेनम आणि काही ठिकाणी सोनेसुद्धा जगाला या एका जातीच्या खडकातून मिळते. पुढची पाने तांबे देणाऱ्या स्कार्नविषयी आहेत : तो कसा घडतो, कसा ओळखायचा आणि कसा शोधायचा.

हा विषय अवघड आहे, अशी एक समजूत आहे. खनिजांची नावे लांबलचक असतात, आकृत्या दाट असतात आणि बहुतेक लेखन इंग्रजीत असते, म्हणून ती पसरली असावी. प्रत्यक्षात शाळेतले रसायनशास्त्र, थोडी भूमिती आणि खडकाकडे टक लावून पाहण्याचा धीर एवढी शिदोरी सुरुवातीला पुरते. पदवीला भूविज्ञान घेतलेला विद्यार्थी, खाणीवर काम करणारा अभियंता, रसायनशास्त्राचे शिक्षक आणि ज्यांच्या गावाच्या हद्दीत उद्या ड्रिलिंगची रिग येऊन उभी राहू शकते असे चंद्रपूर-नागपूरकडचे वाचक, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

ही प्रस्तावना रोडपालीत लिहिली आहे. कळंबोलीचा लोखंड-पोलादाचा बाजार, तळोज्याचे कारखाने आणि मुंब्रा-पनवेल रस्त्यावरचे ट्रक यांच्या शेजारचे हे गाव. इथे पायाखाली काळा पाषाण आहे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट. चुनखडीचा थर नाही, उघडा पडलेला ग्रॅनाइट नाही, त्यामुळे स्कार्नही नाही. तरीही सुरुवात इथूनच करायची, कारण एखाद्या जागी धातूचा साठा का नाही हे नीट सांगता आले की तो कुठे असू शकेल हे सांगण्याची अर्धी तयारी झालेली असते.

रोडपालीच्या खडकात तांबे आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये एका टनामागे साधारण १०० ते २०० ग्रॅम तांबे असते. पृथ्वीच्या कवचाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण चांगले कित्येक पट जास्त आहे. पण ते डाळीतल्या मिठासारखे सगळीकडे विरघळून पसरलेले आहे. त्याचा अर्थ जवळच्याच एका वस्तूवरून लावता येतो. दिवा-पनवेल मार्गावर नावडे रोड स्थानकाजवळ रुळांच्या वर जी विजेची तार दिसते, ती रेल्वेची प्रमाणित संपर्क तार तांब्याची असते आणि नवी असताना तिचा छेद १०७ चौरस मिलिमीटर असतो. अशा एक मीटर तारेत सुमारे ९६० ग्रॅम तांबे बसते. टनाला १५० ग्रॅम या हिशेबाने तेवढे तांबे बेसाल्टमधून काढायचे म्हटले तर सहा टनांहून जास्त दगड फोडावा लागेल, आणि तरीही त्यातले बरेचसे तांबे सिलिकेट खनिजांच्या जाळ्यात अडकलेले राहील. तेच १ टक्का तांबे असलेल्या स्कार्नमधून काढायचे झाले तर शंभर किलोच्या आतबाहेर दगड पुरतो. शिवाय तिथले तांबे गंधकाशी जोडलेल्या सुट्या कणांत असते, म्हणून दगड दळून फेसावर तरंगवले की ते वेगळे होते. धातू असणे आणि धातूचा साठा असणे यांत एवढे अंतर आहे. हे अंतर निसर्ग कसे कापतो, हाच या विद्येचा मुख्य प्रश्न आहे.

उत्तराचा गाभा असा. जमिनीखाली काही किलोमीटरांवर शिलारसाचा एक लोट वर सरकत येऊन थांबतो. थिजताना त्यातून स्फटिक सुटत जातात. पाणी, क्लोरीन, गंधक आणि तांब्यासारखे धातू यांना त्या स्फटिकांत जागा मिळत नाही, म्हणून ते उरलेल्या रसात साठत जातात आणि शेवटी तप्त, खारट द्रवाच्या रूपाने बाहेर पडतात. या द्रवात तांबे क्लोरीनला धरून विरघळलेले असते. द्रव भेगांतून पुढे सरकतो आणि चुनखडीला भिडतो. ग्रॅनाइटमधून आलेला द्रव सिलिका, लोह आणि आम्ल घेऊन आलेला असतो. चुनखडीत कॅल्शियम आणि कार्बोनेट ठासून भरलेले असते. इतके विजोड रसायन समोरासमोर आले की दोन्ही बाजूंना फेरफार होतो.

सर्वांत सोपी अभिक्रिया घ्या. कॅल्साइट आणि सिलिका एकत्र येतात, वोलॅस्टोनाइट नावाचे पांढरे, तंतुमय खनिज तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. सिलिका जर चुनखडीतच वाळूच्या कणांच्या रूपात असेल, तर या बदलात घन पदार्थाचे आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. म्हणजे ज्या खडकातून आधी पाण्याचा थेंब सरकत नव्हता, त्यात पोकळी निर्माण होते आणि मागून येणाऱ्या द्रवाला वाट मिळते. अभिक्रिया स्वतःच पुढच्या अभिक्रियेचा रस्ता खोदते. ही एक गोष्ट पक्की समजली तर चुनखडीसारख्या घट्ट खडकात शेकडो मीटर रुंदीचे धातुपट्टे कसे तयार झाले, याचे नवल थोडे कमी होते आणि कुतूहल वाढते.

पहिल्या टप्प्यात, साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सियसच्या आसपास, गार्नेट आणि पायरॉक्झीन ही कोरडी खनिजे वाढतात. मग शिलारस निवत जातो, द्रवाचे तापमान उतरते आणि दुसरा टप्पा सुरू होतो. आधी तयार झालेले गार्नेट आता एपिडोट, ॲक्टिनोलाइट, क्लोराइट आणि कॅल्साइट यांत मोडू लागते. तांब्याचा बराचसा भाग पहिला टप्पा ओसरताना आणि या दुसऱ्या टप्प्यात खाली बसतो, कारण द्रव थंड झाला आणि चुनखडीमुळे त्याचे आम्ल मारले गेले की तांब्याला क्लोरीनची सोबत सोडून गंधकाशी जोडून घ्यावे लागते. नवख्या अभ्यासकाची नजर सुंदर, ताज्या गार्नेटकडे जाते. मुरलेला भूवैज्ञानिक मात्र ते गार्नेट कुठे कुजले आहे, कुठे हिरवट पडले आहे, ते आधी पाहतो.

आता एक नमुना हातात घेऊ. मुठीएवढा तुकडा असला तरी वजन अपेक्षेपेक्षा जास्त भरते, कारण गार्नेटची घनता चुनखडीच्या २.७च्या तुलनेत साडेतीनच्या वर जाते. दहापट भिंगाखाली गडद तपकिरी गार्नेटचे बारा पैलूंचे दाणे दिसतात. तुटलेल्या दाण्यात एकाभोवती एक अशा फिक्या-गडद कडा असतात. द्रवाचे रसायन वाढीच्या काळात बदलत गेले, त्याची ती नोंद. दाण्यांच्या फटीत पितळी पिवळे चाल्कोपायराइट असते, आणि हवा लागलेल्या जागी त्यावर जांभळट-निळी झाक चढलेली असते. चाकूने ओरखडले तर चाल्कोपायराइटवर चरा उमटतो, पायराइटवर उमटत नाही. पांढऱ्या कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो; गार्नेटवर टाकलेला थेंब नुसता ओघळतो. उघड्यावर पडलेल्या बाजूला मॅलाकाइटची हिरवी साय आणि लोखंडाचा पिवळा-तांबूस गंज असतो. चाल्कोपायराइटमध्ये वजनाने सुमारे ३४.६ टक्के तांबे असते, त्याच्याच नात्यातल्या बोर्नाइटमध्ये ६३ टक्क्यांच्या पुढे. म्हणून दोहोंतले कोणते किती आहे, हे डोळ्यांनी अंदाजता येणे ही या कामातली पहिली कमाई आहे.

नमुन्यावरून पट्ट्याकडे वळले की या विषयाची खरी गंमत सुरू होते. ड्रिलिंगमधून निघालेला कोअर म्हणजे दगडाची लांब दंडगोल कांडी. नेहमीच्या एका मापात तिचा व्यास पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास असतो. समजा, बोअर संगमरवरात सुरू झाला आणि ग्रॅनाइटकडे गेला. कोअर बॉक्समध्ये आधी पांढरा, साखरेच्या दाण्यासारखा संगमरवर दिसेल. मग वोलॅस्टोनाइटचा रेशमी पट्टा आणि त्यात कदाचित बोर्नाइट. पुढे हिरवे पायरॉक्झीन. त्यापुढे पिवळसर-हिरवट गार्नेट, जे ग्रॅनाइटच्या जवळ जाताना गडद लाल-तपकिरी होत जाते. सोबत चाल्कोपायराइट, पायराइट आणि मॅग्नेटाइट. शेवटी ज्यात अजून फेल्डस्पार ओळखू येतो असा, पण एपिडोटच्या शिरांनी भरलेला ग्रॅनाइट. प्रत्येक ठिकाणी क्रम इतका सरळ मिळत नाही. भेगा, थर आणि डाईक (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती) त्यात हस्तक्षेप करतात. पण गार्नेटचा रंग, गार्नेट-पायरॉक्झीनचे प्रमाण आणि सल्फाइड खनिजांची जात यांवरून आपण उगमाच्या जवळ आहोत की लांब, हे कळते आणि पुढचा बोअर कोणत्या दिशेला घ्यायचा ते ठरवता येते. पैसा कमी आणि डोंगर मोठा असतो, तेव्हा या एका निर्णयाची किंमत फार असते.

हे ज्ञान एका दिवसात जमले नाही. चीनच्या हूबेई प्रांतात दाये इथले तोंगल्युशान हे तांबे-लोखंडाच्या स्कार्नवरचे प्राचीन खाणक्षेत्र आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात तिथल्या लोकांनी लाकडी टेकू लावलेल्या विहिरी आणि बोगदे खणून धातुक काढले होते; सिद्धांत कोणालाच ठाऊक नव्हता, पण हिरवा दगड कोणत्या शिवेला धरून जातो हे त्यांनी हेरले होते. एकोणिसाव्या शतकात बर्नहार्ड फॉन कोटा यांनी आग्नेय युरोपातल्या बनात प्रदेशातल्या खाणींवर १८६४ साली लिहिताना शिलारसाचा खडक आणि चुनखडी यांच्या संपर्काशी धातुकाचा संबंध जोडला. स्कार्न हा शब्द स्वीडनच्या खाणकामगारांच्या बोलीतला. १८७५ साली टोर्नेबोम यांनी पेर्सबेरीच्या लोहखाणींचे वर्णन करताना तो ग्रंथात आणला. १९११ साली गोल्डश्मिट यांनी नॉर्वेच्या राजधानीभोवतीच्या संपर्क-रूपांतरित खडकांचा अभ्यास मांडला. कोणत्या तापमानाला कोणती खनिजे एकत्र नांदू शकतात याचे शास्त्र त्यातून उभे राहिले. १९४० साली बोवेन यांनी सिलिकायुक्त चुनखडी तापत जाताना खनिजे कोणत्या क्रमाने येतात, ते दाखवले. रशियात कोर्झिन्स्की यांनी द्रवाच्या प्रवाहामुळे पट्टे का पडतात, याचे गणित बसवले. पुढे १९८१ साली ऐनाउदी, माइनर्ट आणि न्यूबेरी यांनी जगभरच्या स्कार्न साठ्यांचा एकत्र आढावा घेतला, आणि आजचा विद्यार्थी बहुधा तिथूनच वाचायला लागतो.

शोधाच्या इतिहासात एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९३६ साली डच भूवैज्ञानिक जाँ जाक दोझी न्यू गिनीच्या बर्फाच्छादित शिखरांच्या मोहिमेत असताना त्यांना उंच पहाडात एक काळा सुळका दिसला. मॅग्नेटाइटमुळे काळा आणि तांब्याच्या खनिजांनी हिरवट डागाळलेला. त्यांनी त्याचे नाव एर्ट्सबर्ग, म्हणजे धातुकाचा डोंगर, असे ठेवले. त्यांच्या अहवालाकडे कित्येक वर्षे कोणी फिरकले नाही. १९६० साली अमेरिकी भूवैज्ञानिक फोर्ब्स विल्सन तिथे पोहोचले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून तांबे बाहेर पडू लागले. हा सुळका स्कार्नचा होता. १९८८ साली त्याच्यापासून थोड्याच किलोमीटरवर ग्रासबर्गचा प्रचंड तांबे-सोन्याचा साठा सापडला, तो स्वतः शिलारसाच्या खडकातला. स्कार्न हाती लागला की ज्या अग्निजन्य खडकाने तो घडवला, त्याकडेही पाहायचे, हा धडा तिथून पक्का झाला. पेरूच्या अँडीज पर्वतात सुमारे ४,३०० मीटर उंचीवरची आंतामिना ही तांबे-जस्ताची खाण तर स्कार्नच्या बळावरच जगातल्या मोठ्या खाणींत गणली जाते.

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्रात स्कार्नसाठी लागणारे घटक आहेत, पण ते एकमेकांपासून दूर किंवा उलट्या क्रमाने बसलेले आहेत. हे नीट पाहिले तर परदेशी उदाहरणांहून जास्त शिकायला मिळते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना भागात पैनगंगा गटाची चुनखडी आहे. गडचांदूरपासून आवारपूरपर्यंतचे सिमेंट कारखाने तिच्यावर चालतात. त्याच जिल्ह्यात ग्रॅनाइटही आहे. मग स्कार्न का नाही? कारण ही चुनखडी कितीतरी आधी थिजून गेलेल्या ग्रॅनाइट-नाइसच्या पायावर नंतर साचली. चुनखडी आली तेव्हा शेजारी केव्हाच निवलेला होता. शेजार आहे, पण क्रम उलटा आहे.

नागपूर जिल्ह्यात रामटेकच्या पुढे जबलपूरच्या वाटेवर देवलापार लागते. इथला संगमरवर आणि कॅल्शियम-सिलिकेट खडक सौसर गटाचे. मनसर, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग इथले मँगनीज याच गटात आहे. फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवरचा आपला ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला, आणि वेस्ट यांनी १९३६ साली देवलापारच्या उलथून घडी पडलेल्या थरांवर लिहिलेला लेख आजही भारतीय भूविज्ञानात मानाने उल्लेखला जातो. देवलापारच्या खडकांत डायॉप्साइड आणि ट्रेमोलाइट पाहिले की नवखा माणूस पटकन ‘स्कार्न’ म्हणून वहीत नोंद करतो. पण ही खनिजे मुख्यतः पर्वतनिर्मितीच्या वेळी सबंध प्रदेश तापल्याने आणि दाबला गेल्याने आली आहेत. चुनखडी होती, उष्णता होती. धातू वाहून आणणाऱ्या द्रवाचा मोठा लोट मात्र तिथे उमटलेला दिसत नाही. स्कार्न आणि स्कार्नसारखा दिसणारा खडक यांतला भेद शिकायला देवलापारसारखी दुसरी शाळा जवळपास नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातच ठाणेवासना आहे. इथे ग्रॅनाइटच्या कुळातल्या खडकांना चिरून गेलेल्या शिअर झोनमध्ये, म्हणजे खडक घासून सरकलेल्या पट्ट्यात, गार आणि क्लोराइटच्या शिरा आहेत आणि त्यांत चाल्कोपायराइट आहे. म्हणजे धातू आणणारा द्रव आला, गंधक आले, तांबे बसले. समोर चुनखडी नव्हती, म्हणून स्कार्न झाला नाही; साठा वेगळ्या जातीचा झाला. नागपूर जिल्ह्यातले पुलर-परसोरी हे साकोली पट्ट्यातले तांब्यासाठी ओळखले जाणारे क्षेत्र आहे. राज्याची हद्द ओलांडली की बालाघाट जिल्ह्यातले मलांजखंड लागते. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटमधला हा देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या तांबे-साठ्यांपैकी एक. हिंदुस्थान कॉपरची खाण तिथे आहे. तिथेही चुनखडीचा शेजार नाही. याउलट राजस्थानात सिरोही जिल्ह्यातल्या बेलका पहाडात ग्रॅनाइट आणि चुनखडीच्या कुळातल्या खडकांचा योग जुळला; निघाले ते वोलॅस्टोनाइट. तांबे नाही, पण चिनी मातीच्या आणि सिरॅमिकच्या उद्योगाला ते कामाचे ठरले.

या चार-पाच जागा एकापुढे एक मांडल्या की विषयाचे सार हाती येते. तांब्याच्या स्कार्नला चुनखडी हवी, तिच्यानंतर आलेला शिलारस हवा, त्या शिलारसात पाणी, गंधक आणि धातू हवेत, द्रवाला वाट हवी, आणि हे सगळे योग्य खोलीवर योग्य क्रमाने घडायला हवे. एक दुवा निसटला की साठा होत नाही. खनिजशोध म्हणजे नकाशावर या दुव्यांची एकेक करून तपासणी करणे.

ती कशी होते, तेही थोडक्यात सांगतो. भारतात शोधाचे चार टप्पे मानले जातात : जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, मग जी-३, जी-२ आणि शेवटी जी-१ म्हणजे तपशीलवार अन्वेषण. आधी जुने नकाशे आणि अहवाल वाचायचे; १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जमवलेली सामग्री अफाट आहे. मग ओढ्यांतला गाळ आणि माती गोळा करून त्यांतले तांबे, जस्त, मॉलिब्डेनम मोजायचे. चुंबकीय सर्वेक्षण मॅग्नेटाइट दाखवते, गुरुत्व सर्वेक्षण जड गार्नेटचा भाग दाखवते, आणि जमिनीत वीज सोडून ती बंद केल्यावर राहणारा उतरता भार मोजला की विखुरलेल्या सल्फाइडचा माग लागतो. या साधनांचे निष्कर्ष एकाच जागेकडे बोट दाखवू लागले की मगच ड्रिलिंग. कोअर उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा जपून ठेवायचा, कारण पुढच्या पिढीच्या भूवैज्ञानिकाला आजच्या नजरेतून सुटलेले काही त्यात दिसू शकते.

मराठी विद्यार्थ्याला या कामाची केंद्रे दूर नाहीत. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात, ड्रिलिंगमध्ये मुरलेली सरकारी अन्वेषण कंपनीही नागपूरचीच. २०२३ साली केंद्र सरकारने ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी जाहीर केली तेव्हा तांब्याचा तीत समावेश झाला. त्याच वर्षी खाण कायद्यातल्या दुरुस्तीने खोलवरच्या खनिजांसाठी अन्वेषण परवान्याची सोय केली, त्यातही तांबे आहे. विजेच्या तारा, मोटारी, रोहित्रे आणि सौर-पवन ऊर्जेचे प्रकल्प या सगळ्यांना तांबे लागते, तेव्हा ही निकड वाढतच जाणार.

पण या विद्येची आणखी एक बाजू आहे, आणि ती मी शेवटच्या पानावर टाकणार नाही. विदर्भातली बहुतेक खनिजक्षेत्रे जंगलात, शेतात आणि आदिवासी गावांच्या हद्दीत आहेत. पाहणी करणारा माणूस दुसऱ्याच्या बांधावर उभा असतो. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा आणि वनहक्क कायदा २००६चा. दोन्ही वाचल्याशिवाय फिल्डवर जाऊ नये. घेतलेला बोअर सिमेंटने बंद करावा, ओढ्यात चिखल सोडू नये, आणि काय सापडले, काय सापडले नाही हे ग्रामसभेला तिच्या भाषेत सांगता यावे. स्कार्नमध्ये उरलेली चुनखडी सल्फाइडमधून सुटणारे आम्ल काही अंशी मारते, हे खरे आहे. पण दळलेल्या टाकाऊ दगडाचा ढीग आणि त्यातून झिरपणारे पाणी यांची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. तांबे हवे असणे आणि तांबे काढण्याची रीत चांगली असणे, दोन्ही एकाच अभ्यासाचे भाग आहेत.

महाराष्ट्राचे तांब्याशी नाते खाणीपेक्षा कारागिरीचे आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार ओतीव शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून जास्त आहे. बेसाल्टच्या या मुलखात तांब्याची खाण नाही, म्हणजे तो धातू बाहेरून आला असणार. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या ठोके पडत आले, तेही बाहेरून आलेल्या पत्र्यावरच. धातू कुठून आला, कोणत्या डोंगरात कसा साठला, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही, कारण आपल्या भूमीने तो समोर ठेवला नाही. आता तो विचारायला हवा.

ज्याला हे शिकायचे आहे त्याने आजच सुरुवात करावी, मग तो रोडपालीसारख्या बेसाल्टच्या गावात का राहीना. पनवेलचे नाव भूविज्ञानात एका रचनेमुळे सर्वदूर पोहोचले आहे : सह्याद्रीत जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर इथल्या पट्ट्यात समुद्राकडे वाकतात, त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. थराचा कल कसा मोजायचा, डाईक थरांना कशी छेदते, कोण आधी आणि कोण नंतर हे कसे ठरवायचे, हे सगळे इथे शिकता येते. बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट आणि कॅल्साइट भिंगाखाली पाहावे. तप्त पाणी, रिकामी जागा आणि तिथे बसलेले खनिज हा स्कार्नमधलाच प्रकार कमी तापमानाला घडलेला दिसतो. पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडांवर जावे. भेगांतून वर येणारे गरम पाणी आजही वाहते आहे. मग देवलापारला जावे, आणि जमले तर मलांजखंडला.

आणि दख्खनच्या बेसाल्टखाली काय आहे, हा प्रश्न सोबत ठेवावा. कोयनेच्या भूकंपप्रवण भागात घेतलेला सुमारे तीन किलोमीटर खोलीचा संशोधन बोअर सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट ओलांडून ग्रॅनाइटच्या कुळातल्या प्राचीन खडकात शिरला. महाराष्ट्राचा फार मोठा भाग अशा झाकणाखाली आहे. त्या झाकणाखाली कुठे चुनखडी आहे, कुठे तिच्यात नंतर शिरलेला ग्रॅनाइट आहे, कुठे या दोघांची शीव आहे, हे नकाशावर आणणे बाकी आहे. भूकोश पोर्टलवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे कोणालाही पाहता येतात, २०२३च्या डिसेंबरपासून राष्ट्रीय पातळीवरचे भूविज्ञान माहितीचे भांडारही खुले झाले आहे, आणि जुने कोअर कोठारांत नव्या नजरेची वाट पाहत पडून आहेत. या कामाला अजून पुष्कळ माणसे लागणार आहेत. त्यांतली बरीचशी मराठीतून विचार करणारी असावीत, एवढ्याच इच्छेने ही पाने वाचकापुढे ठेवत आहे.

रोडपाली, पनवेल